ब्राझीलचा अल्कोहोल कार्यक्रम : राष्ट्रीय वाहन-इंधनबदलाचा आर्थिक जमाखर्च (१९७५–२००३)

प्रस्तावना

एखाद्या राष्ट्राने आपल्या रस्त्यांवरील मोटारींचे इंधनच बदलण्याचा निर्णय घ्यावा आणि तो पंधरा वर्षांच्या आत मोठ्या प्रमाणात अमलातही आणावा, अशी उदाहरणे आर्थिक इतिहासात फारच थोडी सापडतात. ब्राझीलने १४ नोव्हेंबर १९७५ रोजी एका अध्यादेशाद्वारे सुरू केलेला राष्ट्रीय अल्कोहोल कार्यक्रम, म्हणजेच 'प्रोआल्कूल', हे त्यांतील सर्वांत मोठे उदाहरण होय. उसापासून तयार केलेले अल्कोहोल प्रथम पेट्रोलमध्ये मिसळणे आणि नंतर केवळ अल्कोहोलवर चालणाऱ्या मोटारी रस्त्यावर आणणे, असे या कार्यक्रमाचे दोन टप्पे होते. १९८०च्या दशकाच्या अखेरीस अशा मोटारींची संख्या चाळीस लाखांहून अधिक झाली होती.

या कार्यक्रमाविषयीचे लेखन बहुतांशी दोन टोकांना विभागलेले दिसते. एका बाजूस तेल-आयात वाचवून राष्ट्र स्वावलंबी झाल्याची गौरवगाथा आहे, तर दुसऱ्या बाजूस साखरसम्राटांसाठी सरकारी तिजोरी रिकामी केल्याचा आरोप आहे. दोन्ही मतांना आधार आहे. तथापि दोन्ही मते एकाच चुकीच्या गृहीतावर उभी आहेत. ते म्हणजे संपूर्ण राष्ट्र हा जणू एकच व्यापारी असून त्याची एकच खतावणी आहे. प्रत्यक्षात साखर कारखानदार, पेट्रोब्रास ही सरकारी तेल कंपनी, करदाता, मोटारमालक आणि ऊसतोड मजूर यांच्या वह्या वेगवेगळ्या होत्या, आणि एकाच्या वहीतील जमा ही अनेकदा दुसऱ्याच्या वहीतील नावे होती. प्रस्तुत निबंधात या वेगवेगळ्या वह्या शेजारी ठेवून पाहण्याचा प्रयत्न केला आहे. त्यातून एक मुद्दा विशेष ठळकपणे पुढे येतो. इंधनबदलाचा लाभ कोणाला आणि तोटा कोणाला, हे तेलाच्या किंवा साखरेच्या भावाइतकेच, भाव फिरल्यावर मार्ग बदलण्याची मुभा कोणापाशी होती यावर ठरले.

साखर आणि तेल : दोन संकटांची गाठ

ब्राझीलमधील ऊसशेती सोळाव्या शतकात पोर्तुगीज वसाहतकाळात सुरू झाली. अल्कोहोल मोटारीत वापरण्याची कल्पनाही १९७५ मध्ये नव्याने सुचलेली नव्हती. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत साखरेचे भाव कोसळले, तेव्हा जेतुलिओ वार्गास यांच्या शासनाने १९३१ मध्ये आयात पेट्रोलमध्ये पाच टक्के अल्कोहोल मिसळणे बंधनकारक केले आणि १९३३ मध्ये साखर व अल्कोहोल संस्थेची स्थापना केली. साखर शिल्लक राहिली की अल्कोहोल आठवायचे आणि साखरेला भाव आला की ते विसरायचे, ही रीत तेव्हापासूनच रूढ झाली होती.

१९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात कुबिचेक यांच्या राजवटीत देशात मोटार-उद्योग उभा राहिला. रेल्वेकडे दुर्लक्ष झाले आणि मालवाहतूक ट्रकांकडे गेली. देशातील तेलसाठे मात्र त्या मानाने तुटपुंजे होते. १९७३ मध्ये ब्राझील आपल्या गरजेच्या सुमारे ऐंशी टक्के तेल आयात करीत होता. त्या वर्षाच्या अखेरीस अरब राष्ट्रांनी पुरवठा आवळला आणि पिंपामागे सुमारे तीन डॉलर असलेला भाव थोड्याच महिन्यांत बारा डॉलरच्या आसपास गेला. तेलाच्या आयातीवर १९७३ मध्ये सुमारे साठ कोटी डॉलर खर्च करणाऱ्या देशाला १९७४ मध्ये दोनशे कोटींहून अधिक डॉलर मोजावे लागले.

केवळ या एका संकटातून प्रोआल्कूलचा जन्म झाला, असे मानणे मात्र अपुरे ठरेल. १९७०च्या दशकाच्या आरंभी साखरेला तेजी होती आणि तिच्या भरवशावर सरकारी कर्जांतून कारखान्यांचे आधुनिकीकरण करण्यात आले होते. नोव्हेंबर १९७४ मध्ये जागतिक बाजारात साखर पौंडाला साठ सेंटच्या वर गेली आणि तेथूनच घसरू लागली. दोन-तीन वर्षांत ती दहा सेंटच्याही खाली आली. नवी यंत्रे, वाढलेले उसाचे क्षेत्र आणि डोक्यावरची कर्जे असलेल्या साओ पाउलो राज्यातील कारखानदारांना दुसरे गिऱ्हाईक हवे होते. त्यांची कोपरसुकार ही सहकारी संघटना तेव्हा इतकी संपन्न होती की तिच्या नावाचा शर्यतीच्या मोटारींचा संघ १९७५ मध्ये फॉर्म्युला वन स्पर्धेत उतरला होता. लष्करी राजवटीचे अध्यक्ष एर्नेस्तो गायझेल यांच्या अध्यादेशाने तेल-आयातीचा प्रश्न आणि शिल्लक साखरेचा प्रश्न एकाच गाठीत बांधले. पुढील सर्व घडामोडींचे मूळ या गाठीत आहे.

पहिला टप्पा : मिश्रणाचा स्वस्त काळ

१९७५ ते १९७९ या पहिल्या टप्प्यात साखर कारखान्यांना जोडून आसवन्या उभारण्यात आल्या आणि त्यांतून निघणारे निर्जल अल्कोहोल पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत मिसळण्यात येऊ लागले. एवढ्या मिश्रणासाठी मोटारींच्या इंजिनात फारसे बदल करावे लागत नाहीत. साठ किलो साखरेच्या पोत्याला चव्वेचाळीस लिटर अल्कोहोल समतुल्य धरून दर ठरविण्यात आला, जेणेकरून कारखानदाराला साखर काय आणि अल्कोहोल काय, सारखेच वाटावे. १९७५-७६ मध्ये सुमारे साठ कोटी लिटर असलेले उत्पादन १९७९-८० मध्ये सुमारे ३४० कोटी लिटरवर गेले. १९८० साठी ठरविलेले ३०० कोटी लिटरचे उद्दिष्ट मुदतीपूर्वीच पार पडले.

आर्थिकदृष्ट्या हा टप्पा तुलनेने निर्धोक होता. मिश्रणाचे प्रमाण पिकानुसार कमीजास्त करता येत असे. अल्कोहोल कमी पडले तर पेट्रोल अधिक घालावे, इतके ते सरळ होते. मोटारमालकाला या बदलाची जाणीवही फारशी झाली नाही.

दुसरा टप्पा : केवळ अल्कोहोलवरील मोटार

१९७९ मध्ये इराणमधील क्रांतीनंतर तेलाचे भाव पुन्हा भडकले आणि पिंपामागे तीस डॉलरच्या वर गेले. जोआँ फिगेरेदो यांच्या शासनाने १९८५ पर्यंत १,०७० कोटी लिटर अल्कोहोलचे उद्दिष्ट जाहीर केले. एवढे अल्कोहोल मिश्रणात खपणे शक्य नव्हते. त्यासाठी निव्वळ अल्कोहोलवर चालणारी वाहने हवी होती. साओ जोझे दोस काम्पोस येथील विमानतंत्र केंद्रात उर्बानो एर्नेस्तो श्टुम्फ या अभियंत्याच्या मार्गदर्शनाखाली अशा इंजिनांवर आधीपासून काम चालू होते. जुलै १९७९ मध्ये फियाट १४७ ही अल्कोहोलवर चालणारी पहिली मोटार कारखान्यातून बाहेर पडली आणि सप्टेंबरमध्ये शासन व मोटार-उत्पादकांची संघटना यांच्यात उत्पादनाविषयी करार झाला.

या मोटारींत सुमारे पाच टक्के पाणी असलेले सजल अल्कोहोल वापरले जाई. निर्जल करण्याची प्रक्रिया वाचत असल्याने ते स्वस्त पडते. अल्कोहोलमध्ये इंधनाचा दाब सहन करण्याची क्षमता अधिक असल्याने इंजिनाचे संपीडन-गुणोत्तर वाढविता येते. परंतु दर लिटरमागील ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे सत्तर टक्केच भरते. आरंभीच्या मोटारींचे कार्ब्युरेटर आणि टाक्या गंजत. थंडीच्या सकाळी इंजिन सुरू होत नसे, म्हणून बॉनेटखाली पेट्रोलची एक लहान टाकी बसवावी लागे. अशा वाहनाकडे ग्राहक वळावा यासाठी शासनाने पंपावरील अल्कोहोलचा दर पेट्रोलच्या पासष्ट टक्क्यांहून अधिक असणार नाही अशी हमी दिली, वाहनकरात सवलत दिली आणि टॅक्सीचालकांना आणखी सूट दिली. १९८१ मध्ये गंजण्याच्या तक्रारी आणि दराविषयीची शंका यांमुळे विक्री एकदम घसरली. उत्पादकांनी सुटे भाग सुधारले, सवलती पुन्हा वाढविण्यात आल्या आणि विक्री सावरली. १९८३ ते १९८८ या काळात विकल्या गेलेल्या दर दहा नव्या मोटारींपैकी सुमारे नऊ अल्कोहोलवर चालणाऱ्या होत्या. १९८५-८६ मध्ये हे प्रमाण पंचाण्णव टक्क्यांच्या आसपास पोहोचले. त्याच गाळप हंगामात अल्कोहोलचे उत्पादन सुमारे १,१८० कोटी लिटर झाले.

या यशात एक महत्त्वाची विषमता दडलेली होती. साखर कारखान्याला जोडलेली आसवनी उसाचा रस हवा तेव्हा साखरेकडे आणि हवा तेव्हा अल्कोहोलकडे वळवू शकत होती. मोटारमालकाच्या इंजिनात मात्र पेट्रोल चालत नव्हते. म्हणजे पुरवठादाराला दोन वाटा होत्या आणि ग्राहकाला एकच. सरकारी दरहमी ही दुसऱ्या वाटेऐवजी दिलेली होती आणि ती शासनाच्या आर्थिक ताकदीइतकीच टिकाऊ होती.

जमा आणि खर्च

कार्यक्रमाच्या समर्थनार्थ नेहमी परकीय चलनाच्या बचतीचा आकडा दिला जातो. साओ पाउलो विद्यापीठातील भौतिकशास्त्रज्ञ जोझे गोल्डेम्बर्ग आणि त्यांचे सहकारी यांनी २००४ च्या सुमारास केलेल्या मांडणीनुसार १९७५ ते १९८९ या काळात शेती व कारखाने मिळून सुमारे ४.९ अब्ज डॉलर (२००१ च्या किमतींनुसार) गुंतविण्यात आले, तर १९७५ ते २००२ या काळात टळलेल्या आयातीचे मूल्य सुमारे ५२.१ अब्ज डॉलर (२००३ च्या किमतींनुसार) होते. हे दोन आकडे शेजारी ठेवले की नफा दसपटीहून अधिक दिसतो. या आकड्यांची दुसरी बाजूही तपासली पाहिजे.

पहिली गोष्ट तेलशुद्धीकरणाची. कच्च्या तेलाच्या एका पिंपातून पेट्रोल, डिझेल, रॉकेल, भट्टीतेल असे अनेक पदार्थ एकत्रच निघतात. नुसते डिझेल काढू म्हटले तर ते जमत नाही. ब्राझीलची मालवाहतूक डिझेलच्या ट्रकांवर होती आणि अल्कोहोलने बदलले ते मोटारींतील पेट्रोल. ट्रकांसाठी कच्चे तेल आणावेच लागत होते आणि त्यातून पेट्रोलही निघतच होते. ते देशात खपेनासे झाल्यावर पेट्रोब्रासला परदेशी मिळेल त्या भावाने विकावे लागले. शुद्धीकरण कारखान्यांत बदल करून डिझेलचे प्रमाण वाढविण्यात आले खरे, पण त्यालाही मर्यादा होती. म्हणून अल्कोहोलच्या प्रत्येक लिटरमागे तेवढे कच्चे तेल वाचले असे धरता येत नाही. राष्ट्रीय वाहनताफ्याचे इंधन बदलले असे म्हणताना त्या ताफ्यातील सर्वांत मोठे खाणारे तोंड तसेच राहिले होते, हे कार्यक्रमाच्या गौरवपर इतिहासात सहसा सांगितले जात नाही.

दुसरी गोष्ट कर्जांची. आसवन्यांच्या उभारणीसाठी खर्चाच्या ऐंशी टक्क्यांपर्यंत सरकारी कर्ज मिळत असे आणि त्यावरील व्याज महागाईच्या दराहून बरेच कमी असे. उदाहरणादाखल, महागाई वर्षाला शंभर टक्के असताना शंभर क्रुझेरोंचे कर्ज चाळीस टक्के व्याजाने घेतले, तर वर्षअखेर परत करावयाच्या १४० क्रुझेरोंची खरी किंमत जुन्या सत्तर क्रुझेरोंइतकीच राहते. उरलेले तीस कोणी भरले, या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही अंदाजपत्रकात स्वतंत्र शीर्षाखाली सापडत नाही. १९८० मध्ये ब्राझीलमधील महागाई शंभर टक्क्यांवर गेली होती, आणि हा भार चलनवाढीच्या रूपाने, ज्यांच्याजवळ मोटार नव्हती अशा लोकांवरही पडला. कर्ज घेणाऱ्यांत मोठ्या जमीनदार कुटुंबांचा वाटा मोठा होता. तिसरी गोष्ट पेट्रोब्रासची. अल्कोहोल विकत घेणे, साठविणे आणि पंपापर्यंत पोहोचविणे ही जबाबदारी या कंपनीवर टाकण्यात आली. कारखान्याला द्यावयाचा दर आणि पंपावर मिळणारा दर यांतील तूट 'अल्कोहोल खाते' या नावाने तिच्या वहीत साठत गेली.

तरीही १९८२ चे वर्ष विसरून चालणार नाही. त्या वर्षी ऑगस्टमध्ये मेक्सिकोने कर्जफेड थांबविली, लॅटिन अमेरिकेला नवी कर्जे मिळणे बंद झाले आणि वर्षअखेरीस ब्राझीलला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे जावे लागले. अशा वेळी एका डॉलरची खरी किंमत अधिकृत विनिमय दराने मोजता येत नाही. औषधे आणि यंत्रे यांसाठीही डॉलर मिळेना, तेव्हा देशांतर्गत चलनात तयार होणारे इंधन बाजारभावाने महाग असले तरी देशाला परवडणारे ठरते. केवळ लिटरमागच्या उत्पादनखर्चावरून कार्यक्रमाला तोट्याचा ठरविणारे टीकाकार हा मुद्दा सोडून देतात. त्यांच्या हिशोबात आणखी एक त्रुटी आहे. दीर्घकाळच्या उत्पादनातून आलेले कौशल्य त्यात धरलेले नसते. उसाच्या नव्या जाती, जलद किण्वन आणि चिपाडांवर चालणारे बॉयलर यांमुळे हेक्टरी अल्कोहोल तीन दशकांत दुपटीहून अधिक झाले आणि उत्पादनखर्च सातत्याने उतरला. आसवनी स्वतःच्याच चिपाडांवर चालते, त्यामुळे बाहेरची ऊर्जा फारच थोडी लागते. अमेरिकेतील मक्यापासूनच्या अल्कोहोलच्या तुलनेत हा फार मोठा फरक आहे.

ज्यांची वही ठेवली गेली नाही

ब्राझीलमध्ये ऊसतोड मजुरांना 'बोइया-फ्रिया' म्हणतात. शब्दशः अर्थ 'थंड जेवण'. पहाटे बांधून नेलेला डबा शेतात तसाच गार खाणारे, म्हणून हे नाव. यांतील अनेकजण मिनास जेराइस राज्यातील जेकितिन्योन्या खोऱ्यासारख्या कोरडवाहू भागांतून हंगामापुरते साओ पाउलोत येत. बीड जिल्ह्यातून दर हंगामात कोयता घेऊन बाहेर पडणाऱ्या कुटुंबांची परिस्थिती ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या चित्रात अनोळखी असे फार थोडे वाटेल. मजुरी तोडलेल्या उसावर मिळे. १९८०च्या दशकाच्या आरंभी अनेक कारखान्यांनी एका मजुराने एका वेळी पाचऐवजी सात सरी तोडाव्यात असा नियम केला. पट्टा रुंद झाल्याने तोडलेला ऊस मधल्या सरीवर आणून टाकण्याची पायपीट वाढली आणि त्याच मजुरीत श्रम अधिक झाले. मे १९८४ मध्ये रिबेराओ प्रेतो परिसरातील गुआरिबा या गावी मजुरांनी संप केला; पोलिसांशी झालेल्या संघर्षात एकाचा मृत्यू झाला. लष्करी राजवट अजून संपलेली नसतानाही कारखानदारांना माघार घ्यावी लागली. पाच सरींची पद्धत परत आली आणि मजुरीचा लेखी करार झाला. अल्कोहोलच्या लिटरमागील खर्च कमी होत गेल्याचे जे आलेख दाखविले जातात, त्यांत यंत्रे आणि बियाणे यांच्याबरोबर या सात सरींचाही हिस्सा होता.

नद्यांची गोष्ट थोडी निराळी घडली. एक लिटर अल्कोहोलमागे दहा ते पंधरा लिटर स्पेंट वॉश निघते. आरंभी ते सरळ नद्यांत सोडले जाई आणि मासे मरून तरंगत. १९७०च्या दशकाच्या अखेरीस यावर बंदी आली. मग त्यातील पालाशाचे मोल कारखानदारांच्या लक्षात आले आणि ते उसाच्या शेतात खत म्हणून देण्याची पद्धत रूढ झाली. बंदीमुळे खर्च वाढेल अशी ओरड झाली होती. प्रत्यक्षात खतावरचा खर्च वाचला. शहरांतील हवेच्या बाबतीतही असा एक न मागता आलेला लाभ आहे. अल्कोहोल मिसळल्यावर पेट्रोलमध्ये शिसे घालण्याची गरज उरली नाही आणि १९९०च्या दशकाच्या आरंभीच ब्राझील शिसेमुक्त पेट्रोलच्या देशांत गणला जाऊ लागला.

१९८९ : रिकामे पंप

१९८६ मध्ये तेलाचे भाव कोसळून पंधरा डॉलरच्याही खाली गेले. त्याच वर्षी फेब्रुवारीत महागाई रोखण्यासाठी आलेल्या 'क्रुझादो' योजनेने सर्व दर गोठविले, त्यांत अल्कोहोलचाही समावेश होता. कारखानदारांना मिळणारा दर खर्चाच्या मागे पडू लागला. नवी कर्जे बंद झाली. मोटारींवरील सवलती मात्र चालूच राहिल्या आणि दरवर्षी लाखो नव्या मोटारी एकाच इंधनाची मागणी घेऊन रस्त्यावर येत राहिल्या. उत्पादन १,१००–१,२०० कोटी लिटरच्या आसपास अडकून पडले. १९८० च्या दशकाच्या अखेरीस साखरेचा जागतिक भाव चढला आणि निर्यातीवरील सरकारी पकड ढिली झाली. ज्यांच्याकडे दोन वाटा होत्या त्यांनी फायद्याची वाट धरली.

१९८९ च्या उत्तरार्धात पंपांवर अल्कोहोल मिळेनासे झाले आणि मोटारींच्या लांबच लांब रांगा लागल्या. शेजारच्याच नळात पेट्रोल होते, पण या मोटारींना ते चालत नव्हते. जगातील सर्वांत मोठ्या अल्कोहोल-उत्पादक देशाला अल्कोहोल आयात करावे लागले. ते पुरेना म्हणून मिथेनॉल आणून साठ टक्के इथेनॉल, तेहतीस टक्के मिथेनॉल आणि सात टक्के पेट्रोल असे मिश्रण विकण्यात आले. मिथेनॉलच्या विषारीपणावरून पंप-कामगारांत आणि नागरिकांत मोठा वाद उसळला. परकीय चलन वाचविण्यासाठी उभारलेला ताफा चालता ठेवण्यासाठी परकीय चलन खर्च करावे लागले, ही त्यातील सर्वांत मोठी विसंगती.

ग्राहकाने आपला निकाल लगेच दिला. १९८८ पर्यंत नऊ दशांशांच्या जवळ असलेला अल्कोहोल-मोटारींचा वाटा १९९० मध्ये पंधरा टक्क्यांच्या खाली आला आणि १९९७ मध्ये एक टक्काही उरला नाही. जुन्या अल्कोहोल मोटारीची किंमत घसरली; ज्याने राष्ट्रकार्य म्हणून किंवा सवलतीसाठी ती घेतली होती, त्याला हा तोटा कोणी भरून दिला नाही. राष्ट्रीय जमाखर्चाच्या कोणत्याही लोकप्रिय मांडणीत ही रक्कम आढळत नाही. साखर व अल्कोहोल संस्था १९९० मध्ये बरखास्त झाली आणि दशकाच्या अखेरीस दर मुक्त करण्यात आले. उद्योग तग धरून राहिला तो पहिल्या टप्प्यातील मिश्रणामुळे. १९९३ च्या कायद्याने पेट्रोलमध्ये बावीस टक्के अल्कोहोल सक्तीचे केले होते.

दुसरी वाट ग्राहकाच्या हाती

मार्च २००३ मध्ये फोक्सवॅगनने 'गोल' ही मोटार पेट्रोल, अल्कोहोल किंवा दोहोंच्या कोणत्याही मिश्रणावर चालणाऱ्या इंजिनासह बाजारात आणली. धुरातील प्राणवायू मोजणारा संवेदक आणि इंधनाचे प्रमाण आपोआप जुळविणारी संगणकप्रणाली यांवर ती आधारलेली होती. शासनाने अल्कोहोल-मोटारींची करसवलत या 'फ्लेक्स' मोटारींनाही लागू केली. नव्या कर्जयोजना नाहीत, दरहमी नाही. तरीही २००९ पर्यंत नव्या हलक्या वाहनांपैकी सुमारे नव्वद टक्के वाहने या प्रकारची होती. मोटारमालक पंपावर उभा राहून साधा हिशोब करू लागला : अल्कोहोलचा दर पेट्रोलच्या सत्तर टक्क्यांहून कमी असेल तर अल्कोहोल, अन्यथा पेट्रोल.

या बदलाचा खरा अर्थ २०११ नंतर स्पष्ट झाला. ऊसपीक खराब आले, साखर महागली आणि अल्कोहोलचा तुटवडा पडला. परिस्थिती १९८९ सारखीच होती. मिश्रणाचे प्रमाण ऑक्टोबर २०११ मध्ये पंचवीसवरून वीस टक्क्यांवर आणण्यात आले, अमेरिकेतून मक्याचे अल्कोहोल आयात झाले. पण रांगा लागल्या नाहीत. लोकांनी दुसऱ्या नळातून पेट्रोल भरले. त्याच सुमारास महागाईच्या भीतीने शासनाने पेट्रोलचे दर दाबून धरले. त्याचा फटका या वेळी पेट्रोब्रासला आणि साखर कारखान्यांना बसला. कित्येक कारखाने बंद पडले. तोटा नाहीसा झाला नव्हता, त्याचे खाते बदलले होते.

मजुरांच्या वाट्याला मात्र अशी दुसरी वाट आली नाही. साओ पाउलो राज्याने २००२ च्या कायद्याने तोडणीपूर्वी ऊस पेटविण्यास टप्प्याटप्प्याने बंदी घातली. पाला न जाळता हाताने ऊस तोडणे परवडत नसल्याने कापणी यंत्रे आली. हवा स्वच्छ झाली आणि हंगामी काम संपत गेले.

भारतीय संदर्भ

भारतात १९४८ चा पॉवर अल्कोहोल कायदा दीर्घकाळ कागदावरच होता; तो २००० मध्ये रद्द झाला. मिश्रणाचे पहिले प्रायोगिक प्रकल्प २००१ मध्ये सुरू झाले, त्यांतील दोन मिरज आणि मनमाड येथे होते. जानेवारी २००३ मध्ये नऊ राज्ये व चार केंद्रशासित प्रदेशांत पाच टक्के मिश्रणाची योजना लागू झाली. परंतु दुष्काळ आणि लोकरी मावा यांनी महाराष्ट्रातील ऊस खालावला, मळी मिळेना आणि २००४ मध्ये सक्ती शिथिल करावी लागली. साओ पाउलोचा ऊस बहुतांशी पावसावर येतो, महाराष्ट्रातील ऊस कालव्याच्या आणि विहिरीच्या पाण्यावर; लिटरमागील खर्चात हे पाणी धरले तर ब्राझीलचे आकडे येथे जसेच्या तसे लावता येणार नाहीत. २०१८ नंतर व्याज-सवलतीच्या कर्जांतून राज्यात अनेक आसवन्या उभ्या राहिल्या. डिसेंबर २०२३ मध्ये पाऊस कमी झाल्याने साखर कमी पडेल या भीतीने केंद्र शासनाने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर एकाएकी निर्बंध घातले. ते पुढील वर्षी ऑगस्टमध्ये उठले. या वेळी मार्ग बदलण्याचा निर्णय कारखान्याने नव्हे, शासनाने घेतला, आणि हप्ते मात्र कारखान्यांना फेडावे लागले. इथेनॉलसाठी मका आणि तांदूळ यांकडे वळण्याचा वेग त्यानंतर वाढला.

वाहनमालकाच्या बाजूनेही तुलना करता येते. २०२५ मध्ये देशात वीस टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट गाठले गेले आणि पंपांवर सर्वसाधारणपणे तेच इंधन मिळू लागले. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात, जुन्या रचनेच्या चारचाकी वाहनांचे इंधनमान यामुळे सहा ते सात टक्क्यांनी घटेल असा अंदाज होता आणि ग्राहकाला दरात वा करात सूट देऊन त्याची भरपाई करावी असे सुचविले होते. ब्राझीलने १९७९ मध्ये अल्कोहोलचा दर पेट्रोलच्या पासष्ट टक्क्यांवर बांधून दिला होता. भारतात जुलै २०२५ अखेर तेल कंपन्यांना इथेनॉल सरासरी एकाहत्तर रुपये लिटरच्या वर पडत होते. हा दर शुद्ध केलेल्या पेट्रोलच्या करपूर्व किमतीहून अधिक असल्याचे पेट्रोलियम मंत्रालयाने त्या ऑगस्टमध्ये स्पष्ट केले, आणि पंपावरील दरात मिश्रणापोटी कोणतीही वेगळी सूट देण्यात आली नाही.